पाया बाहेर, मी आत

मी बोलतेय, बैठकीच्या खिडकीतली. तीच, जिच्या कमरेला नाडी बांधून खिडकीच्या गजाला अडकवलं होतं आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "हिनं काय गुन्हा केला?" मी एक ऑर्किड आहे. गुन्हा एवढाच, की मला नऊ फुलं आली.

माझा जन्म काचेच्या बाटलीत झाला. ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्या रोपवाटिकेत तीच रीत. एका बाटलीत आम्ही पन्नास-साठ भावंडं, दाटीवाटीनं उभी. पुढे प्रत्येकाला पारदर्शक प्लास्टिकची छोटी कुंडी मिळाली आणि तिच्यात झाडाच्या सालीचे तुकडे. मातीचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. आमचे पूर्वज उंच झाडांच्या फांद्यांना धरून राहायचे, त्यामुळे आमच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. रोपवाटिकेतल्या बाईंनी माझ्या कुंडीला चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती, 'मातीत लावू नये'. इथे आल्यावर पहिल्याच पाण्यात ती भिजून गळून पडली. ज्यांनी ती वाचली, त्यांत या घरातलं एकच माणूस होतं.

ते म्हणजे घरची नवी सून. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर चष्मा बसवून देणं, काड्या गरम करून वाकवणं, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे स्क्रू पिळणं हे तिचं काम. लग्नात दुकानातल्या मंडळींनी मला भेट म्हणून दिलं आणि मी तिच्या मांडीवर बसून या घरात आले. एक आत्या आम्हा दोघींकडे बघून म्हणाल्या, "दोघींचीही जागा बदलली, आता दोघी छान रुजतील." सून हसली. त्या आठवड्यात हे वाक्य तिनं पाचव्यांदा ऐकलं होतं आणि पाचही वेळा ती सारखंच हसली होती.

सून कमी बोलायची. तिचा ठरलेला शब्द म्हणजे 'चालेल'. पडदे हिरवे आणू? चालेल. पंखा मोठा करू? चालेल. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, एकदा तरी काहीतरी चालू नको देऊस. आम्हाला कळू दे तरी."

सासरे गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला आणि हत्यारांची कॅनव्हासची पिशवी पलंगाखाली गेली. तेव्हापासून ते चहाचा कप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि भिंतींकडे बघत उभे राहायचे. सासूबाई म्हणायच्या, "भिंती पडत नाहीयेत. बसा आता." ते बसायचे. थोड्या वेळानं पुन्हा उठायचे.

अशा घरात मला कळ्या आल्या. तीन, मग पाच, मग नऊ. दांडा एकाच बाजूला झुकलेला, त्यावर नऊ टपोरी फुलं आणि खाली मूठभर सालीची, कागदासारखी हलकी कुंडी. व्हायचं तेच झालं. खिडकीतून जरा वारा आला आणि मी सासऱ्यांच्या वर्तमानपत्रावर तोंडावर आपटले.

पहिला उपाय मुलानं केला. या मुलाचा, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचा, दोरीवर फार विश्वास. त्यानं पायजम्याची जुनी नाडी आणून मला गजाला बांधलं. दुसरा उपाय सासूबाईंचा, कुंडीभोवती तीन डबे रचण्याचा. त्यातला एक डबा रोज कुणाला तरी लागायचा आणि मी रोज पडायचे.

शेवटी सासरे म्हणाले, "वर एवढा भार आणि खाली पाया नाही. मला कुणी विचारतच नाही."

"आता विचारलं समजा," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर कॅनव्हासची पिशवी बाहेर आली. बागेतली माती आणली, तिच्यात वाळू मिसळली, मोठी भारी कुंडी घेतली. मला प्लास्टिकमधून काढून मधोमध उभं केलं आणि माती भरली. भरली कसली, चोपली. एक थर टाकायचा, थापीच्या मुठीनं ठोकायचा, पाणी मारायचं, पुन्हा थर. घराचा पाया भरतात तसा. मग त्यांनी ओळंबा काढला. दोरीला टांगलेलं ते वजन माझ्या दांड्याशेजारी धरून एक डोळा मिटला आणि दांडा काठीला करकचून बांधून सरळ केला. काम करताना ते शीळ घालत होते. सासूबाई दारात येऊन थांबल्या. दोन वर्षांत त्यांनी ती शीळ ऐकली नव्हती.

संध्याकाळी सून आली. दारातच सासूबाईंनी तिला शिळेचं सांगितलं. पायातल्या चपलाही न काढता तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनं सासऱ्यांना पाहिलं. ते हात पुसत उभे होते, नखांत माती, बऱ्याच दिवसांनी ताठ.

"कसं झालंय?"

"छान झालंय, बाबा."

म्हणजे आता माझा जीव आणि त्यांची शीळ, यांतलं एकच काहीतरी राहणार होतं, आणि हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी हलत नव्हते, हे खरं. कुणी मला ढकललं असतं तरी पडले नसते. पण खाली मुळं गुदमरत होती. पानं मऊ पडली, सुरकुतली. झाड सुकतंय असं वाटून सासरे सकाळी पाणी घालत. त्यांना आठवलं नसेल म्हणून सासूबाई दुपारी घालत. मुलगा येता-जाता घालायचा. सून तेवढी घालायची नाही. ती रोज येऊन बोटानं माती चाचपायची, तोंड उघडायची आणि मिटायची. एक फूल गळलं. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. स्वयंपाकघराच्या दारातून सुनेनं ते पाहिलं.

त्या रविवारी सासरे तिच्यापुढे येऊन बसले. "अगं, हा चष्मा सारखा घसरतोय. जरा घट्ट करून दे."

तिनं चष्मा घेतला, त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवलं. "बाबा, घट्ट केला तर वळ उठेल. दुपारपर्यंत काढून ठेवाल."

"मग थांबणार कसा?"

"कानामागे जरा वाकवायचा. नाकावर नुसता टेकू द्यायचा. सगळीकडून आवळला की..." ती थांबली. माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी लहान झाला. "बाबा, ती कुंडी. तिला माती चालत नाही."

सुनेच्या तोंडून या घरात पहिल्यांदाच 'चालत नाही' निघालं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. "किती दिवस झाले?"

"एकवीस."

"एकवीस दिवस गप्प बसलीस?"

"तुम्ही शीळ घालत होता असं आई म्हणाल्या."

त्यांनी चष्मा शर्टाच्या बाहीनं पुसला. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी छान म्हणालीस ना, तेव्हा तू झाडाकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस." गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "चल. पाडू आणि परत बांधू. भिंत चुकली तर गवंडी रडत बसतो का?"

अंगणात वर्तमानपत्र पसरलं. माती इतकी बसली होती की कुंडी फोडावी लागली. सुनेनं कोमट पाण्यात माझी मुळं धुतली. जी तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती, ती तिनं पुसून घेतलेल्या कात्रीनं कापली. टणक, पांढुरकी तेवढी ठेवली. सतरा-अठरातली सहा उरली. मग तिनं कात्री फुलांच्या दांड्याला लावली.

"अगं, फुलं कशाला?" सासरे कळवळले.

"सहा मुळं आहेत, बाबा. ती फुलांना पाणी पुरवणार की हिला जगवणार?"

दांडा कापला. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण माझी आठ फुलं पुढे दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर ग्लासात मिरवली आणि एकदाही पडली नाहीत.

मला पुन्हा सालीचे तुकडे मिळाले, पुन्हा पारदर्शक कुंडी. "पण ही परत आडवी होणार," सासूबाई म्हणाल्या. त्या आणखी काही बोलायच्या आत सासरे सिमेंट कालवायला लागले होते. त्यांनी माझी कुंडी आत बसेल असं जाड बुडाचं, रुंद भांडं ओतलं. तळाला गोटे, जेणेकरून माझी कुंडी पाण्यात बसणार नाही. भिंतीत सहा भोकं, हवेसाठी. भोकं कुठे हवीत, हे सून सांगत गेली आणि ते पाडत गेले. मुलाला नाडी आणू दिली नाही.

सिमेंट वाळून, धुऊन झाल्यावर मी त्यात उतरले. पाया बाहेर, मी आत. वारा येतो, पानं हलतात, आणि आम्ही दोघं, म्हणजे भांडं आणि मी, जागच्या जागी.

वर्ष होत आलं. मला चार नवी मुळं आली, चंदेरी, टोकाला हिरवी. परवा पानाच्या बगलेतून एक कोंब डोकावला. तो मूळ आहे की फुलांचा दांडा, यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. मला माहीत आहे, पण मी सांगत नाही. दांडा निघालाच, तर त्याची सोय झालेली आहे. सुनेनं काठी लावून ठेवली आहे आणि चष्म्याच्या काड्यांवर चढवतात त्या मऊ रबरी नळ्या कापून कड्या केल्या आहेत. या वेळी वाकून फुललं तरी चालेल, भार कुंडीच्या मधोमध यायला हवा, असं सासऱ्यांनीच ठरवलं. ओळंबा त्यांनी त्यासाठी पुन्हा काढला होता.

त्या आत्यांनाही आता तसंच भांडं हवं आहे. काल सासरे ते घेऊन आत आले, सुनेपुढे ठेवलं आणि विचारलं, "कसं झालंय?" विचारताना ते भांड्याकडे बघतच नव्हते. तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

तिनं भांड्याकडे पाहिलं. फिरवून पाहिलं. काठावरून बोट फिरवलं. "डावीकडे जाड झालंय, बाबा."

"जाड झालंय?"

"हो. नाही चालणार."

सासरे भांडं उचलून स्वयंपाकघरात गेले. "ऐकलंस का? जाड झालंय म्हणते," त्यांनी सासूबाईंना सांगितलं, अगदी बक्षीस मिळाल्यासारखं. थोड्या वेळानं अंगणातून शीळ ऐकू आली.

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर एकच विनंती. पाणी कुणीतरी एकानंच घाला. आमच्याकडे आता ते काम सुनेकडे आहे. सासूबाई दुपारी हळूच घालतात, पण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.