नकाशातली बाबांची खोली

घराचा नकाशा सोमवारी नगरपालिकेत द्यायचा होता, म्हणून रविवारी सकाळी माझा नवरा ऑस्मो आणि मी तो बर्फावर आखत होतो. मार्चमध्ये बर्फाचा वरचा थर गोठून इतका घट्ट होतो, की दुपारपर्यंत त्यावरून खुशाल चालता येतं. भिंतींच्या जागी आम्ही स्प्रूसच्या, सुयांसारख्या पानांच्या झाडाच्या, फांद्या अंथरल्या, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. खाली बाबांचं बटाट्याचं शेत होतं. बाबा नोव्हेंबरात गेले.

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीशेजारची छोटी खोली त्यांच्यासाठी होती. नकाशा ज्याला ज्याला दाखवला, त्याने त्याच खोलीवर बोट ठेवलं. वास्तुकार म्हणाली, आता ही भिंत काढून टाका, स्वयंपाकघर मोठं होईल. सासूबाईही तेच म्हणाल्या. ऑस्मो काही म्हणत नव्हता, पण त्या खोलीच्या फांद्या त्याने शेवटी अंथरल्या.

मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं: ती खोली बाबांना आवडली होती. जूनमध्ये नकाशा टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा चष्मा चढवून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "छान आहे." एवढंच. ते कधीच काही छान म्हणत नसत, म्हणून मी ते शब्द जपून ठेवले होते.

लेंपीआत्या आपली बर्फावरची घसरगाडी एका पायाने ढकलत आली. बाबांची ही थोरली बहीण. गाडीच्या पुढच्या खुर्चीवर वेलदोड्याचे पाव फडक्यात बांधून ठेवलेले.

"हे काय गं, मार्यूत?" ती फांद्यांकडे पाहत म्हणाली. "आमच्या वेळी अंगणात स्प्रूस टाकायचे ते मयताला."

"आत्या, घर बघायला बोलावलंय तुम्हाला," ऑस्मो म्हणाला. "आणि भिंतीतून येऊ नका, दार तिकडे आहे."

"दार असं वाऱ्याच्या तोंडावर? जावई शहरातला म्हटल्यावर व्हायचंच!"

पण ती वळसा घालून दारातूनच आली. पाय आपटून बुटांचा बर्फ झटकला, जणू खरंच आत आली होती. मग सुरू झाली. जिना अंधारात आहे. सौनातून तळ्यावर जायला बैठकीतून ओलेत्याने जाणार का? कोटांना जागा कुठे? ऑस्मो हसत होता, मी कागदावर खुणा करत होते.

बाबांच्या खोलीशी आल्यावर तिने पाव माझ्या हातात दिले, गाडी आत ढकलली आणि खुर्चीवर बसली.

"पलंग इथे?"

"हो."

"आणि खिडकी ही?"

"हो."

समोर शेजारच्या पार्तानेनच्या गोठ्यामागचा शेणाचा ढीग वाफाळत होता. तळं उजवीकडे होतं, भिंतीआड.

"हे आमच्या टाउनोने पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं. छान आहे म्हणाले."

आत्याने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले.

"अगं, तुझ्या बापाला चर्चचा मनोरा वाकडा दिसायचा. तुझ्या आईशी लग्न ठरलं तेव्हा 'चालेल' म्हणाला होता, आणि आम्ही सगळे समजलो की पोरगा वेडा झालाय तिच्यापायी. आणि या शेतात जन्म गेलेल्या माणसाला हा उकिरडा दिसला नाही?"

मी खिडकीच्या जागेतून त्या ढिगाकडे पाहिलं.

"ज्या घरात राहायचं त्याला माणूस नावं ठेवतो, पोरी. त्याला वसंतातच कळलं होतं, आपण या घरात राहायला उरणार नाही ते."

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"जाळं काढताना, नावेत. मी म्हटलं, मार्यूतला सांग, ती तुझ्यासाठी खोली काढतेय. तर म्हणाला, 'काढू दे. खोली आखतेय तोवर डॉक्टरांना काही विचारत नाही.'"

पार्तानेनच्या गोठ्यात एक गाय हंबरली. जूनमधलं टेबल माझ्या डोळ्यांपुढे होतं. किती वेळ पाहिलं होतं त्यांनी त्या कागदाकडे! मला वाटलं, ते खोली बघताहेत.

पाव ऑस्मोकडे देऊन मी वाकले आणि स्वयंपाकघराच्या बाजूची पहिली फांदी उचलली. तो मदतीला पुढे आला, तर आत्याने नुसता हात वर केला, तो थांबला. फांद्या बर्फाला चिकटल्या होत्या. ओढल्यावर हिरव्या सुया मागे राहत. खिडकीची भिंत तशीच ठेवली, आतली सगळी काढली. शेवटी आत्या एका मोठ्या मोकळ्या जागेत बसलेली राहिली. तिने गाडी उजवीकडे वळवली. आता समोर तळं होतं, पांढरं, त्यावर कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा.

"इथे एक खिडकी पाड," ती म्हणाली.

मी तिथल्या दोन फांद्या बाजूला केल्या. ती पाहत राहिली.

"कसं आहे?" मी विचारलं. ती छान म्हणेल, याची मला भीती वाटत होती. तिचंही वय झालंय.

आत्याने नाक पुसलं, ऑस्मोच्या हातातल्या फडक्यातून एक पाव काढला, मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"चूल चुकीच्या भिंतीला आहे," ती म्हणाली. "आणि बस खाली, अजून कोठीचं सांगायचंय."

मी बर्फावर तिच्या पायाशी बसले, आणि पेन्सिल काढली.