दोनशे ऐंशीचा इयरफोन

दिग्विजयने पोह्यांची बशी बाजूला सारली, खिशातून इयरफोन काढला आणि वायरीला पडलेली गाठ सोडवू लागला. अंथुर्ण्याच्या रामहरींच्या सोप्यात मुलगी बघायला आलेला हा गृहस्थ गेली दहा मिनिटं मुलीकडे नव्हे, त्या गाठीकडे बघत होता. गाठ सुटली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं की त्याच्या खानदानात आजवर कुणी याहून मोठं काम केलंच नसावं.

"पुण्यास्नं आणलाय," तो रामहरींना म्हणाला. "दोनशे ऐंशीला. साठचा घेतला की चार दिवसांत एक कान बंद. हजाराचा परवडतोय, पर त्यो चोरीला जातोय. ह्यो मधला."

"बरं केलं," रामहरी म्हणाले. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण आज ते कशालाही बरंच म्हणणार होते.

आठ दिवसांत पटला नाही तर बदलून देतो, असं दुकानदार म्हणाला होता आणि दिग्विजयने ते फारच मनावर घेतलं होतं. बारामतीत त्याला तसाही दुसरा उद्योग नव्हता. वडलांचे दोन ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढत होते आणि हा थोरला मुलगा जगातल्या वस्तूंना दहापैकी मार्क देत फिरत होता. इयरफोनच्या आवाजाला त्याने आठ दिले होते, वायरीला सहा. परवा कन्हेरीत पाहिलेल्या मुलीला पाच. ती बी.ए. झालेली होती आणि तिने याला उलट विचारलं होतं, तुम्ही किती शिकलाय म्हणून. त्याचाच एक मार्क कापला होता.

रामहरींची ही चौथी लेक. तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच राहिलं. याआधी तीनदा पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि पुन्हा साधा निरोपही आला नाही. हे स्थळ हुकलं तर पुढे काय, याचा रामहरींनी विचार केला नव्हता. ते जमवायचंच, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"ह्याचं खरं काम काय, म्हायती हाय का?" दिग्विजय कानात घालायच्या बोंडांवर स्पंजाच्या टोप्या चढवत म्हणाला. "भाईरचा आवाज आत येत न्हाय. खोक्यावरच लिवलंय. कानापाशी ढोल बडवा."

"यष्टीत मी ह्याच्या कानाशी वरडलो," त्याचे मामा सोनबा म्हणाले. "ढिम्म न्हाय."

खरी गोष्ट अशी की दिग्विजय आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवूनच ऐकायचा. तेवढ्या आवाजात शेजारी गाढव ओरडलं असतं तरी त्याला कळलं नसतं. पण खोक्यावर छापलेलं तपासून बघणं हे मार्क देणाऱ्यांच्या कामात बसत नाही.

मग त्याला एकदम सुचलं. त्याने पिशवीतून वॉकमन काढला, इयरफोन त्याला जोडला आणि दोन्ही नकोशीपुढे धरले.

"ऐका आन सांगा, कसा वाटतोय."

चालून दाखव, सुई ओवून दाखव, भाकरी येते का, हे सगळं तिला पाठ होतं. हे नवीन होतं. तिने वडलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि चहाचं बघायला ते आत गेले. नकोशीने पदराखाली हात नेऊन दोन्ही बोंडं कानात बसवली, वॉकमन मांडीवर घेतला. दिग्विजयने बटण दाबलं आणि तिचे डोळे गच्च मिटले.

ती ऐकतेय असं पाहून दिग्विजयची आई आक्काबाई भावाकडे सरकली.

"काळी हाय."

"काळीच हाय," सोनबा म्हणाले.

नकोशीने डोळे उघडले. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण तोंडं दिसत होती. आपल्याबद्दल बोलणारी तोंडं कशी हलतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिचा अंगठा वॉकमनच्या कडेच्या चाकावर गेला आणि तिने ते हळूहळू पार मागे फिरवलं.

"आन नाव बघ की," आक्काबाई म्हणत होती. "बापालाच नको हुती ती आपुन घरात आणायची व्हय?"

"आज व्हय म्हण. गाडीचं नावसुदिक काढू नगंस. देण्याघेण्याच्या यादीच्या दिशी काढू. चार गावची माणसं बसल्याली आसत्यात, तवा त्यो माघारी जातोय कुठं? तीन पोरी उजवल्यात म्हंजी देणारा हाय."

"लाल," दिग्विजय म्हणाला. "नवी मोटारसायकल. जुनी मी घेणार न्हाय."

एवढ्या चर्चेत त्याने घातलेली भर तेवढीच. नकोशीने मान जराशी डोलवली, गाणं आवडल्यावर डोलवतात तशी. आक्काबाईला ते बरं वाटलं.

रामहरी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात आले.

"सांगा आता," दिग्विजय म्हणाला. "धापैकी किती?"

नकोशीने बोंडं काढली आणि वायर नीट गुंडाळली.

"गाणं चांगलं वाजतं," ती म्हणाली. "उजवं जरा सैल बसतं. आन भाईरचं समदं ऐकू येतं."

"ते येणारच न्हाय."

"येतं. आवाज कमी केला की येतं." तिच्या सुरात तक्रार नव्हती. वस्तूबद्दल विचारलं होतं, ती वस्तूबद्दल सांगत होती. "मामा म्हणलं, गाडीचं आज काढायचं न्हाय, यादीच्या दिशी काढायचं, मंग आबांना माघारी जाता येणार न्हाय. तुमी म्हणला, लाल. तुमच्या आई माझ्या नावाला हसल्या, पर त्यात त्यांची काय चूक न्हाय. ते आबांनीच ठेवलंय."

सोनबा हसले, "पोरगी गमतीची हाय" म्हणाले आणि आपल्याबरोबर कुणीच हसत नाही हे पाहून थांबले. आक्काबाईने पदर सारखा केला. रामहरी उंबऱ्यातच उभे होते. त्यांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि ती काही पाहुण्यांमुळे नव्हती. ते लेकीकडे बघत राहिले. मग वळले आणि भरलेले कप तसेच आत घेऊन गेले.

पाहुण्यापुढे आलेला चहा माघारी नेला तर त्याचा अर्थ इंदापूर तालुक्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिग्विजयने ते पाहिलंच नाही. दोनशे ऐंशी रुपयांत आपण फसलो की काय, या काळजीने त्याचा चेहरा उतरला होता. या घरात आल्यापासून त्याला मनापासून वाटलेली ही पहिली गोष्ट. त्याने दोन्ही बोंडं स्वतःच्या कानात दाबून बसवली, टेप बंद केली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"बोला आता. कायबी बोला."

कुणी बोललं नाही. आक्काबाई भिंतीकडे बघत होती. सोनबा उठून खाली मान घालून चपला शोधत होते. नकोशी रिकाम्या बशा उचलून केव्हाच आत गेली होती. दिग्विजय डोळे बारीक करून, श्वास रोखून बराच वेळ ऐकत राहिला.

"बघ आई," तो शेवटी म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला, "काय म्हंजी काय ऐकू येत न्हाय."