बाहेरच्या पेटीचे एकोणीस दिवस

माझ्या सासऱ्यांनी घोडागाड्यांसाठी लाकडी पेट्या केल्या. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, ट्रकच्या कुशीला अवजारांसाठी बसवतात तशा पत्र्याच्या पेट्या केल्या. यजमानांच्या मुलाने, माझ्या थोरल्याने, त्याच पेट्यांना रबराची कड आणि दाबाचे कुलूप लावून त्या पाच शहरांत पोहोचवल्या. आणि थोरल्याची मुलगी, जिला आम्ही सारे ठिणगी म्हणतो, तिने काय केले ते सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. त्या तिघांच्या ओळीत तिला बसवताना माझा हात अडखळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या कारखान्याची एक रीत आहे. पेटी दाराबाहेर पडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने तिच्या झाकणावर उभे राहायचे. सासरे उभे राहिले, यजमान उभे राहिले, गेली नऊ वर्षे मी उभी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला भिंत. झाकण तसूभर दबले तरी पेटी माघारी जाते. त्यामुळे आमच्या पेट्या मजबूत असतात, आणि खरे सांगायचे तर जडही असतात. जडपणाला आम्ही आजवर कधी दोष मानले नव्हते.

या घरावर एक ऋण होते. बत्तीस वर्षांपूर्वी यजमानांचा उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. चाळीस पेट्यांचे काम अर्धवट, मुदत तोंडावर, आणि थोरला तेव्हा शाळेत. समोरच्या शेडमधल्या टर्नरने आपले लेथ बंद केले, दाराला कुलूप घातले आणि एकोणीस दिवस आमच्याकडे उभा राहून तो पत्रा कापत, वाकवत, जोडत राहिला. त्याची स्वतःची दोन गिऱ्हाइके त्यात कायमची तुटली. यजमानांनी मोबदला पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "हाताचं काम आहे, हातानंच फेड. माझी वेळ आली की येईन." पुढच्या वर्षी तो दुसऱ्या गावी गेला. यजमान वारले त्याच्या आदल्या आठवड्यातही मला विचारत होते, "टर्नरचा काही निरोप?" निरोप नव्हता. ते देणे त्यांच्यामागे माझ्याकडे आले, आणि मी डोळे मिटण्यापूर्वी ते फिटावे एवढीच माझी इच्छा उरली होती.

यंदा, एका सकाळी, कारखान्याच्या फाटकात एक जुनी मोटार थांबली. तिच्यामागे ओढत आणलेले चाकांवरचे घर होते. हल्ली त्याला कॅराव्हॅन म्हणतात. मोटारीतून टर्नर उतरला. केस पांढरे, चाल तीच, किंचित डावीकडे झुकलेली.

"वहिनी, ओळखलंत का?"

"भाऊजी, तुम्हाला नाही ओळखलं तर कोणाला ओळखायचं? बत्तीस वर्षं लावलीत."

"वेळच येत नव्हती. आता आलीय."

घर विकून टाकून पुढची वर्षे रस्त्यावर फिरत काढायची, असा नवराबायकोचा बेत होता. त्या दिवसापासून सव्विसाव्या दिवशी घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या. त्यानंतर त्यांना छप्पर म्हणून हेच. मी आत डोकावले. टर्नरची बायको चाकांच्या खुर्चीत दाराशीच अडकून बसली होती, कारण पुढे सरकायला जागाच नव्हती. दोन जॅक, पाण्याची नळी, घडीचे टेबल, तंबूचे कापड, लोखंडी ठोकळे आणि टर्नरच्या अवजारांचा पेटारा, सगळे जमिनीवर.

"बघा वहिनी," ती म्हणाली, "हे म्हणतात आपलं नवं घर. मी म्हणते, तुमचं गोदाम आहे आणि मला राखणीला बसवलंय. पलंगापर्यंत जायचं तर आधी यांची पान्यांची रास ओलांडायची. माझ्या पायांनी!"

"म्हणून तर आलोय," टर्नर म्हणाला. "बाहेरून एक पेटी बसवून द्या. धूळ-पाणी आत जाणार नाही अशी. सगळं बाहेर गेलं की हिची खुर्ची आत फिरेल."

"तुमचे आमच्याकडे एकोणीस दिवस आहेत," मी म्हटले. "एकही कमी होणार नाही."

थोरल्याने त्याच दुपारी माप घेतले. कॅराव्हॅनच्या मागच्या बाजूला, बंपरच्या वर, आडवी लांब पेटी. दोन मिलिमीटरचा पत्रा, आत कोनाच्या पट्ट्या. दुसऱ्या दिवशी ठिणगी वेल्डिंगचा मुखवटा तोंडावरून वर करून म्हणाली, "बाबा, मागे नको. ट्रकला चालतं. हे दोन चाकांवर तोललेलं असतं, शेपटीला वजन दिलं तर—"

"चार पुस्तकं वाचली म्हणजे पत्रा कळत नाही," थोरला म्हणाला.

ती माझ्याकडे पाहू लागली. आणि मी, या घराची कर्ती, तिला म्हणाले, "तू तुझं काम बघ. तुझ्या बापानं हजार पेट्या बसवल्यात." हे वाक्य मी येथे मुद्दाम लिहून ठेवत आहे.

सहा दिवसांत पेटी झाली. देखणी झाली होती. रिकामीच अठ्ठावन्न किलो. मी तिच्यावर उभी राहिले, दोनदा टाच आपटली, झाकण हलले नाही. सामान आत गेले, आणि टर्नरच्या बायकोने खुर्ची दारापासून पलंगापर्यंत नेऊन परत आणली. लहान मुलीसारखी हसत होती. सातव्या दिवशी टर्नर आणि थोरला गाडी रस्त्यावर काढून पाहायला गेले. ठिणगी मोटारसायकलवर मागे गेली. तिला कोणी सांगितले नव्हते.

तासाभराने परतले तेव्हा टर्नरचा चेहरा पत्र्यासारखा झाला होता. थोरला मोटारीतून उतरला तो सरळ नळावर जाऊन तोंडावर पाणी मारीत राहिला.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही वहिनी," टर्नर म्हणाला. "उतारावर जरा डुलली."

"जरा?" ठिणगीने मोटारसायकल उभी केली. "आजी, मी मागे होते. शेजारून ट्रक गेला आणि हे अख्खं घर या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात होतं. काकांनी ब्रेक न मारता हळूहळू वेग सोडला म्हणून वाचले. आत काकू असत्या तर?"

थोरला नळ बंद करून म्हणाला, "पेटी नाही हलली, आई. एक रिव्हेटसुद्धा नाही."

"पेटी नाही हलणार, बाबा. पेटीनं घर हलवलं."

मग तिने सिद्ध करून दाखवले. मोटारीला जोडायचा जो पुढचा दांडा असतो, त्याच्याखाली तिने लाकडी ठोकळा ठेवला आणि ठोकळ्याखाली घरातला वजनकाटा. काटा सोळावर थांबला. मग मागची पेटी कारखान्यातल्या चौघा कामगारांनी सोडवून खाली उतरवली. काटा शहाण्णववर गेला.

"दांड्याचा भार मोटारीवर नीट बसला पाहिजे," ती म्हणाली. "आपण शेपटीला ओझं लावलं, नाक उचललं गेलं. नाक हलकं झालं की शेपूट नाचते. एवढंच."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझे चुकले असे म्हणायची मला सवय नाही. माझ्या लग्नाच्या साठ वर्षांत ते मी फार तर तीनदा म्हटले असेन. त्या दिवशी चौथ्यांदा म्हटले, आणि तिच्या बापासमोर म्हटले.

"वहिनी, सात दिवस धरले," टर्नर समजुतीने म्हणाला. "हात तर लागलेच ना. उरले बारा."

"बिघडलेलं काम आम्ही फेडीत धरत नाही, भाऊजी. एकही दिवस फिटलेला नाही. किल्ल्या द्यायला किती राहिले?"

त्याने मनाशी मोजले. "एकोणीस."

"मग उद्यापासून. ठिणगी सांगेल तसं. आणि थोरल्या, तू तिच्या हाताखाली."

थोरल्याच्या कानशिलावरची शीर उडाली. पण तो माझा मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो हातमोजे घालून तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बोला, मालकीणबाई."

"आधी पुठ्ठे," ती म्हणाली.

तीन दिवस तिने पत्र्याला हात लावला नाही. पुठ्ठ्याच्या पेट्या केल्या. एक पुढच्या दांड्यावर, त्रिकोणी खाचेत बसणारी. दोन घराच्या तळाखाली, चाकांच्या अगदी जवळ, डावी-उजवीकडे एकेक. मग टर्नरला मोटार पूर्ण वळवायला लावली. मोटारीच्या मागच्या कोपऱ्याने पुढचा पुठ्ठा चेपला. तिने तो चार बोटे कापला, पुन्हा वळवायला लावली. तळाखालचे पुठ्ठे खड्ड्यात टेकतात का ते पाहायला ती स्वतः मातीत आडवी झाली.

"खेळणी करतेस की पेट्या?" थोरल्याने विचारले.

"पुठ्ठा चुकला तर रद्दीत जातो, बाबा. पत्रा चुकला तर आजीच्या तोंडी जातो."

बाप हसला. उतारावरून परतल्यापासून प्रथमच हसला.

मग ॲल्युमिनियम आले. पातळ, हलके. दारांना दुहेरी रबर, तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके, आणि कोपऱ्यांना थोरल्याने अशी घडी घातली की सासऱ्यांनीही हात फिरवून पाहिला असता. जॅक, लोखंडी ठोकळे आणि टर्नरची अवजारे चाकांजवळच्या पेट्यांत. टेबल, नळी आणि तंबूचे कापड पुढे. काय कोठे ठेवायचे त्याची चिठ्ठी तिने प्रत्येक दाराच्या आत चिकटवली, कारण टर्नर शिस्तीचा नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते. शेवटी दांड्याखाली पुन्हा वजनकाटा. एकशे चार.

बाराव्या दिवशी पेट्या तयार झाल्या. मी पदर खोचला आणि पुढच्या पेटीकडे निघाले. ठिणगी आडवी आली.

"आजी, हिच्यावर नको उभी राहूस."

"का? दबेल?"

"दबेल. हिला तुला उचलायचं नाहीये, हिला हजारो मैल लटकायचंय. उभं राहून हिची परीक्षा होत नाही."

चार पिढ्यांची रीत, आणि ही पोर हात पसरून उभी. माझ्या मनात काय आले ते सांगते. राग आला नाही. तिचे पणजोबा जसे गिऱ्हाइकाला म्हणत, 'घ्या किंवा जा', अगदी तसा तिचा चेहरा होता.

"मग कशानं होते?" मी विचारले.

"उतारावर."

"चला तर. मोटारीत मी बसणार."

"आई!" थोरला ओरडला.

"वडीलधाऱ्यानं परीक्षा घ्यायची एवढीच रीत आहे. कुठं बसून, ते माझं मी ठरवीन."

तोच उतार, तीच वाहने. टर्नर चालवत होता, मी शेजारी, ठिणगी मोटारसायकलवर मागे. एक भलामोठा ट्रक आमच्या शेजारून सुसाट गेला. मोटार थोडीशी हलली, आणि मागचे घर आमच्या मागून सरळ, शहाण्यासारखे येत राहिले. टर्नरने चाकावरची पकड सैल केली.

"तुमच्या ह्यांनी बघायला हवं होतं," तो म्हणाला.

"मी बघतेय ना," मी म्हटले.

बारा दिवस फिटले होते. सात राहिले होते. टर्नर म्हणाला, "वहिनी, काम झालं. सोडा आता." त्याची बायको म्हणाली, "अहो, देतायत तर घ्या की! पायरी कोण करून देणार मला? तुम्ही?" मग ठिणगीने दाराला खुर्ची चढेल अशी घडीची उतरण केली. छपराच्या सांध्यांतले जुने रबर उकरून नवे भरले. चाकांचे बेअरिंग सोडवून धुतले, ग्रीस भरले. थोरल्याने पलंगाचा डगमगणारा पाय सरळ केला. अठरा दिवस झाले, आणि कॅराव्हॅनमध्ये हात लावायला जागा उरली नाही.

"एक दिवस राहू द्या माझ्यासाठी," टर्नर म्हणाला. "परत यायला निमित्त."

"निमित्त कशाला लागतं? या. पण देणं ठेवून नाही."

एकोणिसावा दिवस मी घेतला. यजमानांच्या काळात पेट्यांचा रंग माझ्याकडे असे. नऊ वर्षांत ब्रश धरला नव्हता. ठिणगीने पत्रा घासून दिला, अस्तर मारून दिले आणि खुर्ची आणून ठेवली. मी खुर्चीवर बसले नाही. सकाळी पहिला हात, दुपारी वाळेपर्यंत चहा, मग दुसरा हात. तीन पेट्या, गडद हिरव्या, एक ओघळ नाही. ठिणगी प्रत्येक कोपऱ्याजवळ वाकून पाहत होती.

"सापडलं काही?"

"नाही," ती म्हणाली. "शोधतेय मात्र मनापासून."

संध्याकाळी मी ब्रश धुतला, हात पुसले आणि सगळ्यांना फाटकाशी बोलावले. थोरला, ठिणगी, कारखान्यातले चौघे, दारात खुर्चीवर टर्नरची बायको.

"भाऊजी, सगळ्यांसमोर म्हणा."

टर्नरने टोपी काढली. तो आधी माझ्याकडे वळला, मग ठिणगीपुढे येऊन त्याने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "पुरे फिटले. या घराकडे माझं काही राहिलं नाही."