नाव घातलेली गाळणी

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आबा आहेत. तांब्यावर आहेत, परातीवर आहेत, आईनं माहेराहून आणलेल्या पितळी डब्यावरसुद्धा टिंबाटिंबांनी 'हैबतराव' असं नाव घातलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, नाव घातल्याशिवाय भांड्यात पाणी थांबत नसावं. पुढं पुण्याला आत्याकडे राहून बी.एस्सी. झाले. पाणी कशानं थांबतं नि कशानं गळतं, ते तिथं कळलं. घरात मात्र ते कुणी मला विचारलं नाही.

पिरंगुटला पौड रस्त्यावर बेहरामशेठ या इराण्याचं हॉटेल आहे. धरण बघायला निघालेले मोटारवाले तिथं थांबतात. घोटावड्याहून आमचं दूध तिथंच जातं. शेठनं मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून एस्प्रेसो कॉफीचं इटालियन यंत्र आणलं. दांडा ओढला की तापलेलं पाणी जोरात कॉफीच्या भुकटीतून घुसतं आणि बघता बघता कपात दाट कॉफी उतरते. भुकटी ज्यात दाबून भरायची, ती तळाला बारीक भोकं असलेली वाटी मात्र झिजून फाटली होती. चीनची लढाई होऊन वर्ष झालेलं नाही. परदेशी माल मिळणं मुश्कील. शेठ मांजरपाटाचे तुकडे घालून काम भागवायचा. दोनचार कपांत तुकडा गच्च व्हायचा, कॉफीला ओल्या कापडाचा वास लागायचा, आणि हॉटेलामागच्या ओढ्यात चिंध्या साचायच्या.

ती वाटी माझ्या डोक्यातून जाईना. पुन्हापुन्हा वापरायची गाळणी करायची तर भोक बारीक पाडणं सोपं आहे. त्यात शिरलेला कण बाहेर काढणं अवघड. सरळ भोकात कण अडकून बसतो. पण भोक भुकटीच्या बाजूला अरुंद आणि खालच्या बाजूला रुंद ठेवलं, तर तोंडातून आत शिरलेला कण पुढं मोकळाच होतो. मी पितळी पत्र्याची वाटी शिशाच्या लगडीवर बसवली आणि गोधडीच्या सुईचं टोक घासून, बाहेरच्या बाजूनं भोकं ठोकत गेले. आत उठलेली धार कानशीनं घासून गुळगुळीत केली. भोकं फार जवळ आली की पत्रा फाटायचा, लांब गेली की कॉफी थेंबाथेंबानं यायची.

"यवढं शिकून शेवटी भोकंच पाडतीयास व्हय गं जये!" माझा थोरला भाऊ भिवाजीदादा दुधाच्या किटल्या बांधता बांधता म्हणायचा.

दोन वाट्या फाटल्या. तिसरी दादा दुधाबरोबर घेऊन गेला आणि हसत परत आला.

"शेठ लई खूश हाय. कॉफी कशी, काचंवानी! त्येचा मेव्हणा पुन्यात कारखाना चालवतोय, यंत्राचं सुटं भाग करतोय. त्येला असं डोकं चालवनारं मानूस हवं हाय. रविवारी येतोय तो. शेठ म्हनला, ज्यानं वाटी केली त्येला आन, आन् एक नवी वाटी बी आन."

मी कानशी खाली ठेवली. नोकरी! तीसुद्धा नेमकी हीच, मला जे येतं त्याची.

"मग मी रविवारी—"

"तू?" दादा आबांकडे बघून हसला. "पोरीला कारखान्यात धाडत्यात व्हय? मी जाईन की. भोकं काय, बघून बघून मला बी येतील."

आबांनी मान हलवली. ती कुणाच्या बाजूनं हलली, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी चौथी वाटी केली. चारही वाट्यांत तीच सगळ्यांत नेटकी होती. ती आईकडे ठेवायला दिली. रविवारी दादाच्या बैलगाडीत, कुणी बोलावलेलं नसताना, जाऊन बसले. आई म्हणाली, "जाऊ दे रं तिला, बघू दे यंत्र." यंत्र बघायला! जणू मी जत्रेतला पाळणा बघायला निघाले होते.

मेव्हणेसाहेब टाय लावून बसले होते. दादानं आणलेली नवी वाटी शेठनं बसवली, भुकटी दाबली, दांडा ओढला. कपात कॉफी पडली ती चिखलासारखी. गाळ नुसता धो धो येत होता.

"दीकरी, हे काय?" शेठ माझ्याकडे वळला.

मी काही सांगायच्या आधीच दादा बोलून गेला, "जयानं केलीया ती. पोरीचं काम, शेठ. चुकायचंच."

घरी वाटी त्याची होती. गळायला लागल्याबरोबर माझी झाली!

मी फडक्यानं धरून वाटी सोडवली, धुतली आणि उपडी केली. तळावर, माझ्या भोकांच्या ओळींमधून, मोठ्या टिंबांनी लिहिलं होतं: 'भि. है. घोटावडे'. टिंबाटिंबाजवळ पत्रा चिरला होता. 'है'च्या दोन मात्रांमधून तर काडी आरपार गेली असती.

"हे काय लिहिलंय?" मेव्हण्यानं विचारलं.

"नाव आहे. यांचं." मी दादाकडे बोट केलं. "गाळ त्यांच्या नावातून येतोय."

"आगं, भांडं घराबाहेर चाल्लं, मग नाव नको घालाया?" दादा खरंच गोंधळला होता. "पौडच्या बाजारात घालून घेतलं. हरवलं तर कुनाचं म्हनायचं?"

शेठ पोट धरून हसला. मी हसले नाही. आधीची बिननावाची वाटी आतून मागवली आणि यंत्रात बसवली. कॉफी स्वच्छ आली. भोकांमधलं अंतर, पत्र्याची ताकद, टिंबानं काय बिघडलं, सगळं मेव्हण्याला समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधून प्रश्न विचारत होता. मला वाटलं, झालं.

कप खाली ठेवून तो दादाला म्हणाला, "मुलगी फार हुशार आहे. पण आमच्याकडे लेडीज नाहीत. तुम्ही सोमवारपासून या. अडलं तर घरी तिला विचारत जा."

दादानं लगेच हात जोडले.

मी बिननावाची वाटी काढली, तिच्यातला चोथा झटकला, पदरात गुंडाळली. फाटकी वाटी मेव्हण्यापुढं ठेवली.

"ज्याचं नाव, त्याचं भांडं. तुम्ही ती ठेवा. हिच्यावर नाव नाही, म्हणजे ही माझी."

"अरे, पण माझी कॉफी?" शेठ ओरडला. मी गाडीत जाऊन बसले होते.

दादा कारखान्यात जायला लागून आता पंधरवडा होतोय. काल घरी आला. जेवता जेवता म्हणाला, "जये, त्या वाटीवरनं आमी धा वाट्या केल्या. सगळ्या तुंबत्यात. सायेब वराडतोय." मी भाकरी मोडत राहिले. "भोकं आतनं पाडायची, का भाइरनं?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणाले. "वाटीवर ज्याचं नाव आहे, त्याला विचार."