भोंगा वाजलाच नाही

भोंगा काही वाजेना. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आई कुशीवर पडली होती, आणि दारावरच्या डबीतला हिरवा दिवा तिच्याकडे निवांत बघत होता. म्हणजे डबीच्या मते घरात सगळं झकास होतं.

"अगं वाज की भवाने!" आई ओरडली, पण ऐकायला घरात कोणी नव्हतं. पाय उचलेना. नळ टपटपत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच घराची भीती वाटली.

डबी तिच्याच लेकाने बनवलेली. माणूस पडलं की जमिनीच्या हादऱ्यावरून ओळखायचं आणि बोंब ठोकायची, एवढंच तिचं काम. लेकाला घरात खटपट्या म्हणत. ही त्याची चौथी कंपनी, पुढच्या खोलीतच थाटलेली. पहिली आवाजाने उघडणाऱ्या कुलपाची. सर्दी झाली आणि मालकच दाराबाहेर राहिला. दुसरी भागीदाराने गिळली. तिसरीचं नाव घरात कोणी काढत नसे. तरी आई चारचौघींत मान ताठ ठेवून सांगायची, "आमच्यात पडणारे आहेत, पडून राहणारं कोणी नाही."

आता तीच पडून होती.

सून कामावरून आली आणि तिने सासूला उठवून बसवलं. हाड शाबूत होतं, अंग मात्र गार पडलेलं.

"आई, त्याला फोन लावते. सुटे भाग आणायला गेलाय, येईल लगेच."

"खबरदार! उद्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई डबी बघायला यायच्यात. हीपण कंपनी बुडाली तर तो..."

तिसरी बुडाली तेव्हा लेक गच्चीच्या कठड्याशी खाली बघत उभा राहायचा, आणि आई त्याच्या मागे वाळलेलेच कपडे पुन्हा पुन्हा झटकत राहायची.

डबी गप्प का बसली, हेही तिला कळून चुकलं होतं. लेक प्रत्येक यंत्र आधी आईवर चालवून बघे. तिचे गुडघे वाकत नसत, म्हणून ती धपकन बसे, आणि दरवेळी भोंगा बोंबले. "मेले नाही अजून! गप कर तुझ्या कार्टीला!" असा तिने घोशाच लावला. शेवटी लेकाने डबीला शिकवलं, असा धपका आला की समजायचं, आई बसली. तीच शिकवण पुढे सगळ्या डब्यांत गेली.

दुसऱ्या दिवशी लेक डॉक्टरीणबाईंसमोर आडवा कोसळून दाखवत होता. भोंगा असा वाजला की बाई दचकल्याच.

"छान! प्रत्येक खोलीत लावू," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या एकट्याच असतात हो."

एकट्याच. आईच्या कानात नळ टपटपायला लागला. लेकाचा चेहरा तर उजळून निघालेला; तिने तो कितीतरी दिवसांत असा बघितला नव्हता. सुनेने मान खाली घातली. बोलावं तर गच्ची, न बोलावं तर कुठल्यातरी म्हातारीची ओली फरशी.

ती खुर्चीतून उठली. "बाई, म्हाताऱ्या काही अशा ताडासारख्या पडत नाहीत."

तिने खुर्चीला धरलेला हात सोडला. धपकन बुडावर आदळली, मग कुशीवर कलंडली, आणि तशीच राहिली.

हिरवा दिवा. भोंगा नाही.

"आई, चेष्टा पुरे. ऊठ."

"काल अशीच पडले होते रे. तुझी बायको येईपर्यंत."

लेकाचा चेहरा पांढराफटक पडला. तो आला, पण तिला उठवायचं विसरून शेजारीच फरशीवर बसला.

"दुरुस्त झाली तर कळवा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी लेक पुढच्या खोलीत डबी उघडून बसला होता. स्क्रू फिरत होता की नाही, कळत नव्हतं. आई भिंतीला धरून, आवाज होऊ न देता, गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मांडीवर घड्या घातलेले कपडे होते. ती ते मोडून पुन्हा घड्या घालू लागली.

"आहेस ना रे?"

"आहे गं."

आणखी एक घडी झाली.

"आहेस ना?"