शेवटचे दोन बार

प्रांजलने साचा ओट्यावर आपटला. पातळ चॉकलेटमधले बुडबुडे वर येऊन फुटले, तसा तिने साचा उलटा धरून जास्तीचं चॉकलेट पातेल्यात परत सोडलं. खाचांना आतून पातळसा लेप तेवढा राहिला. हा लेप फ्रीजमध्ये घट्ट झाला की त्यात सारण भरायचं आणि वरून पुन्हा चॉकलेटचं झाकण. सांगलीला माहेरी असताना शिकलेली ही कला साताऱ्यात येऊन चांगलीच कामी आली होती. गल्लीतल्या पोरांचे वाढदिवस तिच्याच चॉकलेटच्या बारवर साजरे व्हायचे.

पण आजचे बार तिच्या स्वतःच्या डोहाळजेवणाचे होते. सातवा महिना लागला होता, पाय सुजत होते, तरी उद्या येणाऱ्या बायकांच्या हातावर आपल्या हातचं काहीतरी ठेवायचं, हा हट्ट तिचाच. स्ट्रॉबेरीचे झाले, शेंगदाणा-गुळाचे झाले. राहिले होते दोन.

त्या दोनांचं मूळ अंजनाआत्या. नवऱ्याच्या, इंद्रजितच्या आत्या, म्हणजे प्रांजलच्या सासूबाई मंगलबाईंच्या मोठ्या नणंद, सकाळीच वडूजहून आल्या होत्या आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं,

"पेढा-बर्फीचं काय केलंय?"

दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळच तो. पण याच घरात मंगलबाईंच्या डोहाळजेवणाला बर्फी निघाली होती आणि त्यांच्या सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या होत्या. बाळंत होईपर्यंत त्या सुनेशी धड बोलल्या नाहीत. मग झाला इंद्रजित, आणि त्याच सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. इंद्रजित ही गोष्ट हसत हसत सांगायचा. मंगलबाई मात्र ती ऐकताना एकदाही हसल्या नव्हत्या.

मुलगी झाली तर प्रांजलला आनंदच होता, नावसुद्धा मनात ठरलं होतं. धास्ती होती ती माणसांच्या तोंडांची. अंजनाआत्या मंगलबाईंच्या त्याच सासूबाईंच्या लेक. भरल्या घरात हात दाखवून अवलक्षण कोणी करून घ्यायचं? म्हणून तिने शक्कल लढवली.

"वाट्या नकोत, आत्या. मी पेढा आणि बर्फी बारमध्येच भरते."

"बार? तमाखूचा का काय गं?" आत्या म्हणाल्या, पण कबूल झाल्या.

पेढ्याच्या बारवरच्या कागदाला मागून सुईचं टोक टोचून खूण करायची, म्हणजे उचलताना चूक नको, असा बेत. सुई ओढणीला खोचून तयार होती. लेप घट्ट झालाय का ते बघायला तिने फ्रीज उघडला, तेवढ्यात मंगलबाई आत आल्या. त्यांच्या एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता, दुसऱ्यात बर्फीची बशी.

"ह्ये दोन मी भरते. तू भाईर जाऊन बस."

"आई, तुम्हाला जमायचं नाही. झाकण नीट बसत नाही."

"इतकं दिस बघतीय की मी. आणि भरणारीनंच उचलायचं, ह्यो कुठला न्याय? जा, पाय वर घेऊन बस."

जाता जाता त्यांनी तिच्या ओढणीची सुई अलगद काढून घेतली.

"टोचंल कुठंतरी," एवढंच म्हणाल्या.

प्रांजल बाहेर जाऊन बसली खरी, पण जीव सगळा स्वयंपाकघरात. बेत पार फसला होता. आता निघेल ते निघेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून ती पाटावर बसली. ओटी भरून झाली, गाणी झाली. अंजनाआत्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेले दोन बार ताटात घालून पुढे धरले.

"उचल."

दोन्ही सारखेच दिसत होते. प्रांजलने सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, तिच्याकडे बघतच नव्हत्या. तिने जवळचा बार उचलला, कागद सोडवला आणि मधोमध मोडला.

खाली तपकिरी पेढा, वर पांढरी बर्फी. दोन थर, सरळ रेघेत.

शेजारच्या राजेश्वरीकाकू वाकून बघत म्हणाल्या, "आगं, दोन्ही हाय की. जुळी हायती का काय?"

बायकांत हशा पिकला. कोणी जुळ्यांची नावं सुचवायला लागलं. प्रांजलही हसली, छातीवरचा धोंडाच उतरला होता. अंजनाआत्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी ताटातला दुसरा बार उचलला.

"वन्सं, ऱ्हाऊ द्या की त्यो," मंगलबाई घाईने पुढे आल्या.

आत्यांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि बार मोडला. प्रांजल पाटावरच होती, तिला दिसलं. खाली पेढा, वर बर्फी. आत्या वळल्या आणि भावजयीकडे बघत राहिल्या. मंगलबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. एवढ्या वर्षांनी पुन्हा कोणीतरी ताटावरून उठणार, असं प्रांजलला वाटलं.

"त्यात काय निघालं वो?" राजेश्वरीकाकूंनी विचारलं.

आत्यांनी दोन्ही तुकडे एकदम तोंडात टाकले. सावकाश चावले, गिळले.

"काय न्हाई. नुसतं चाकलेट," त्या म्हणाल्या. "भरायचंच इसरलीया मंगल. गाणं म्हणा की गं कोणीतरी, गप का बसलाय?"

संध्याकाळी मंगलबाई साचे धूत होत्या आणि प्रांजल स्टुलावर बसून ते पुसत होती. आत्यांची वडूजची गाडी सुटायला थोडा वेळ होता. पिशवी घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या, उगीच साच्याकडे बघत.

"ह्यो साचा मोडत न्हाई व्हय गं कवा?"

"मोडतोय कशाला, वन्सं? असं ताकाला येऊन भांडं लपवू नगा. काय ते सांगा," मंगलबाई म्हणाल्या.

"आमच्या नातसुनंचं डोहाळजेवण हाय पुढल्या म्हयन्यात." आत्या पिशवीचे बंद उगाच आवळत राहिल्या. "पोरगी लय भेदरट हाय. रात्रीची झोपत न्हाई म्हणं. असलंच दोन करून दे."

मंगलबाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले, कमरेला खोचलेली सुई काढून प्रांजलच्या ओढणीला परत लावली आणि शेवटचा साचा तिच्या हातात दिला.

"ह्या खेपेला ही भरंल."

"भरू दे की," आत्या म्हणाल्या. "फकस्त जी उचलनार हाय, तिला सांगू नगा."