दुसऱ्या बाजूचं भाषण

जेबेझ ऑर्मरॉडला सभेत बोलायला कुणी बोलवावं लागत नसे. ब्रॅकनशॉ गावात गेली वीस वर्षं सभा म्हटली की जेबेझ उठणार, हे ठरलेलंच होतं. कामाच्या तासांवर तो बोलला, गटारांवर बोलला, पाद्रीबुवा घंटा फार वेळ बडवतात यावरही एकदा बोलला. पोटासाठी माग चालवायचा आणि जिवासाठी सभा, असा हा विणकर.

आता माग बंद होता. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ब्रॅकनशॉच्या तीनपैकी दोन गिरण्यांना कुलूप लागलं. तिसरी सुरतेहून येणाऱ्या कापसावर रडतखडत चालली होती. त्याचा धागा इतक्यांदा तुटायचा, की त्यावर दिवस काढलेला माणूस संध्याकाळी बायकोशीही धड बोलत नसे. बाकीचं गाव मदत समितीच्या मक्याच्या लापशीवर जगत होतं.

त्यामुळे अठराशे बासष्ट सालच्या त्या हिवाळ्यात गावात एकच वाद होता. आपल्या सरकारनं युद्धनौका पाठवून ती नाकेबंदी फोडावी आणि दक्षिणेची बाजू घ्यावी की नाही? गिरणीमालक म्हणत, घ्यावी. बरेच उपाशी मजूरही तेच म्हणत. जेबेझ ठाम विरोधात होता. तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जातो. त्यांच्या मालकांसाठी आपण तोफा डागायच्या नाहीत, असं तो युद्ध पेटल्यापासून सांगत आला होता.

सभा शनिवारी ठरली. नौका पाठवू नयेत, हा ठराव कोण मांडणार ते ठरवायला सभेची समिती वाचनालयात बसली. अध्यक्ष होता ओबाडाया लंड, गावचा चांभार.

"या वेळी ठराव ईनक मांडेल," लंड म्हणाला.

जेबेझला हसू आलं. "ईनक कर्शॉ? त्याला स्वतःचं नाव सांगतानासुद्धा दोनदा श्वास घ्यावा लागतो."

"असेना. त्याचा भाऊ तिकडं उत्तरेच्या फौजेत आहे. लोकांना त्याचं ऐकायचंय. तू अनुमोदन दे."

अनुमोदन! वरातीतल्या नवऱ्याला घोड्यावरून उतरवून हातात मशाल द्यावी, तसं जेबेझला झालं. ईनक शेजारच्या मागावरचा. तिशीपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. जेवणाच्या सुट्टीत पीठ पसरून त्यावर बोटानं अक्षरं काढून जेबेझनंच त्याला शिकवलं होतं. आणि त्याच शिकवणीच्या जोरावर ईनक आता भावाची पत्रं मोठ्यानं वाचत होता. जेबेझ वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला बसे तेव्हा समोर चार म्हातारे असत. ईनकच्या दारात मात्र पाय ठेवायला जागा नसे.

जेबेझची बायको टॅबिथाही तिथंच जायची.

"ईनकच्या भावाचं, सायलसचं पत्र आलंय," एका दुपारी ती येऊन म्हणाली. "त्यांच्या छावणीत एक गुलाम बाई आली. अकरा दिवस चालत. पाठीवर पोर, आणि पायाला झाडाची साल बांधलेली. ईनकनं इतकं साधं वाचलं ते, बायका रडल्या."

"मी वाचतो तेव्हा नाही कुणी रडत."

"तू वाचतोस तेव्हा टाळ्या वाजतात. टाळ्यांच्या गडबडीत रडायचं राहून जातं."

ती सहज बोलली. त्याच्या मात्र ते आत रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी ईनक रस्त्यात भेटला, तर त्याच्या सदऱ्याच्या कोपरावर निळ्या दोऱ्याचं रफू. टॅबिथाचा तो टाका जेबेझनं हजारांत ओळखला असता. ईनकची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तेवढ्यावरून जेबेझच्या मनानं जे कापड विणलं, ते गावच्या तिन्ही गिरण्यांनी मिळूनही विणलं नसतं.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. ईनक उभा राहिला, अडखळला, पाठ केलेलं विसरला आणि सरळ खिशातून पत्र काढून त्या बाईची हकिकत वाचू लागला. मग कागद खाली करून म्हणाला, "भूक माझ्याही घरी आहे. पण दुसऱ्याची बेडी घट्ट करून माझी चूल पेटणार असेल, तर ती नाही पेटली तरी चालेल."

जेबेझ ताठ झाला. हे त्याचं वाक्य होतं! गेल्या वर्षी टेकडीवर फिरताना त्यानंच ईनकला म्हटलं होतं. तेव्हा ते वाऱ्यावर गेलं, आणि आज सगळा हॉल त्या वाक्यानं गप्प झाला होता. टाळी नाही, खोकला नाही. टॅबिथा पुढं झुकून ऐकत होती. लग्नाआधी ती जेबेझची भाषणं अशीच ऐकायची.

"अनुमोदन, जेबेझ ऑर्मरॉड," ओबाडायानं पुकारा केला.

जेबेझ उठला. "मी अनुमोदन देत नाही. दुरुस्ती सुचवतो. सरकारनं नौका पाठवाव्यात."

हॉलमध्ये एकच गलका उठला. त्यानं हात वर करून तो शांत करवला. ते त्याला येत होतं.

"सायलस कर्शॉ समुद्रापार आहे," तो म्हणाला. "डॉली स्प्रोस्टनची पोर तर इथं होती, खालच्या गल्लीत. गेल्या मंगळवारी तिला पुरलं. तिच्याबद्दल कुणी पत्र वाचलं का? परक्यांच्या भांडणात पडू नका म्हणतात. अरे, ते भांडण आपल्या ताटात येऊन पडलंय! दहा जहाजं, फक्त दहा, आणि वसंतात आपले माग चालू!"

प्रत्येक वाक्याला उत्तर त्याच्याच जिभेवर तयार होतं. दहा जहाजांनी काही भागत नाही, युद्ध पेटलं की लापशीही बंद होते, सगळं त्याला ठाऊक होतं. तरी शब्द इतक्या सफाईनं कधी आले नव्हते. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. दुरुस्ती दोनशे अकरा विरुद्ध एकशे अठ्ठ्याहत्तर मतांनी मंजूर झाली. त्या एकशे अठ्ठ्याहत्तर हातांत टॅबिथाचा एक होता.

गिरणीचा मॅनेजर येऊन पाठ थोपटून गेला. "पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी बोला," म्हणाला.

घरी टॅबिथानं शाल खुंटीला लावली. "वीस वर्षं तुझं ऐकतेय. आज पहिल्यांदा खोटं बोललास, आणि आजच सगळ्यात छान बोललास."

रविवारी प्रार्थनेनंतर ईनक आला. भांडायला आला असता तर जेबेझला सोपं गेलं असतं. पण तो टोपी हातात धरून बसला.

"रात्रभर विचार केला," ईनक म्हणाला. "तू जे म्हणालास ते खरं असेल, तर मी माझं मत बदलतो. मला अक्षरं तू शिकवलीस. तू उगाच बोलणार नाहीस. फक्त एवढं सांग, जेबेझ, त्या बाईचं मग काय करायचं?"

जेबेझ म्हणाला, "ते खरं नव्हतं. मला तुझा हेवा वाटला."

"माझा?" ईनकनं रिकाम्या खोलीत कुणी दुसरा आहे का, असं पाहिलं. "माझ्याकडं आहे काय?"

"लोक तुझं ऐकतात. आणि... ते कोपराचं रफू."

ईनकनं कोपर वळवून पाहिलं. "हे? मदत समितीच्या शिवणशाळेत दिला होता सदरा, तिथं गावच्या सगळ्या बायका शिवतात. कुणाच्या वाटणीला गेला, मला काय माहीत?" तो हसायला लागला होता, पण मध्येच थांबला. "डॉलीच्या पोरीचं नाव घेतलंस तू. भर सभेत. एका सदऱ्यासाठी."

तो उठून गेला. दार त्यानं हळूच लावलं, आणि तेच जेबेझला जास्त लागलं.

सभेच्या ठरावाचा अर्ज अजून लंडनच्या सरकारकडे गेला नव्हता. सोमवारी जेबेझ ओबाडायाच्या दुकानी जाऊन उभा राहिला आणि पुन्हा सभा मागितली. "वेडा झालास का?" ओबाडाया म्हणाला, पण बुधवारी सभा बोलावली. जेबेझनं पाच वाक्यांत सांगून टाकलं, की मी मत्सरापोटी माझ्याच मताविरुद्ध बोललो. लोकांनी हुर्यो उडवली. कुणीतरी लाकडी तळाचा बूट फेकला, तो खांद्याला लागला. डॉली स्प्रोस्टन पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव पुन्हा तुझ्या तोंडी येता कामा नये." मग ईनकनं पत्र पुन्हा वाचलं आणि बारा मतांनी मूळ ठराव मंजूर झाला. जेबेझच्या कबुलीनं एकही हात वर गेला असेल, असं त्याला स्वतःलाही वाटलं नाही.

त्यानंतर त्याला कुणी बोलायला उभं केलं नाही. मँचेस्टरच्या मोठ्या सभेसाठी गावानं ईनकला निवडलं. ते ऐकलं त्या दिवशी जेबेझ घरात थांबू शकला नाही. टेकडीवर जाऊन अंधार पडेपर्यंत चालत राहिला. हेवा गेला नव्हता. फक्त आता त्याला त्याचं नाव माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ईनक दारात आला. आत आला नाही.

"तिथं हजारो लोक असतील," तो म्हणाला. "मी पत्र वाचू की तोंडी सांगू?"

जेबेझला उत्तर ठाऊक होतं. त्याच्या उलटं उत्तरही ठाऊक होतं. 'तोंडी सांग, मोठ्या वक्त्यासारखं,' एवढं म्हटलं असतं तरी ईनक त्या गर्दीपुढं कोलमडला असता. ते शब्द जेबेझच्या ओठांपर्यंत आले.

"पत्रच वाच," तो म्हणाला. "हळू वाच. आणि अडखळलास तर माफी मागू नकोस. लोक थांबतात तुझ्यासाठी."

ईनक मान हलवून गेला. टॅबिथा चुलीपाशी बसून ऐकत होती.

"खरं तेच सांगितलंस?"

"हो."

"जड गेलं?"

"फार," जेबेझ म्हणाला, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.